दोन वखारी

वेंगुर्ल्यात वखार म्हटलं की माणूस एकच जागा दाखवतो. डचांची वखार. 1637 साली हॉलंडच्या ईस्ट इंडिया कंपनीनं विजापूरच्या आदिलशाहीची परवानगी मिळवून इथं पाय रोवला. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करायची होती. त्यासाठी गलबतांना पाणी, धान्य, दारूगोळा पुरवणारी जागा जवळ पाहिजे होती. म्हणून वेंगुर्ले, म्हणून वखार. मसाल्याबरोबर माणसांचाही व्यापार करणारी ही कंपनी. जगाच्या पाठीवर तिनं किती बंदरांतून गुलाम विकले त्याचे हिशेब तिच्याच वह्यांत आहेत. तर त्या कंपनीच्या वखारीचं छप्पर गेलं, भिंतीतून झाडं उगवली, तरी सरकारनं तिला राज्य संरक्षित स्मारक केलंय. म्हंजे कायद्यानं तिचा दगड हलवायचा नाही.

पण वखार हा शब्द काही डचांच्या बापाचा नाही. आपल्या बाजारात वखार म्हंजे लाकडाची वखार, कोळशाची वखार. जिथं आपला माणूस काट्यावर पोतं चढवतो, उतरवतो, अंगभर काळा होऊन घरी येतो ती वखार. या दुसऱ्या वखारीला कुणी पाटी लावली नाही. कोळशाच्या वखारी गेल्या, कोळशाचे कारखाने गेले, भट्ट्या पाडल्या, धुराडी पाडली, लोखंड भंगारात गेलं, जमिनीचे टोलेजंग भाव झाले. आणि त्या भट्टीपुढं ज्यांची कातडी भाजली त्यांची आठवण? ती त्यांच्याबरोबर सरणावर गेली.

आज लिहायचंय ते या दुसऱ्या वखारीबद्दल. डचांची वखार पडू द्या असं म्हणायचं नाही. ती राहू दे. पण एका कंपनीचा गोदामाचा दगड इतिहास होतो आणि दुसऱ्या कंपनीच्या मजुराचा घाम इतिहास होत नाही, हे काय गौडबंगाल आहे ते आपण तपासलं पाहिजे.

आधी वेंगुर्ल्याचा माणूस कोळशापर्यंत पोचला कसा ते बघू.

1812 साली वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. बेळगावला लष्कराची छावणी, आणि छावणीचं जवळचं बंदर वेंगुर्ले. माल बंदरात उतरायचा आणि आंबोलीच्या घाटानं वर चढायचा. बैलगाडी, हमाल, खलाशी, दुकानदार सगळ्यांची पोटं त्या रस्त्यावर. मग 1880 च्या दशकात मार्मागोव्याहून घाटावर रेल्वे गेली. माल तिकडं वळला. वेंगुर्ल्याच्या बंदराचा कणा मोडला. एका रेल्वेनं एक बंदर मारलं, आणि त्या रेल्वेच्या इंजिनात काय जळत होतं? कोळसा.

आपल्या लोकांना तर आणखी दोन फास होते. एक खोतीचा. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात (वेंगुर्ले त्यातच होतं, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला) जमीन कसणाऱ्याची नव्हती, खोताची होती. कुळानं राबायचं, खोतानं मोजून घ्यायचं. वर महाराला गावकीची कामं, ती वेगळी. दुसरा फास पलटणीचा. कोकणातल्या महारांना कंपनी सरकारच्या पलटणीनं थोडी वाट दिली होती. चार अक्षरं, पेन्शन, अंगावर धडका कपडा. 1890 च्या दशकात ती भरतीही बंद झाली. दापोलीच्या पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारले, पुढं पलटणीचा दरवाजा उघडा म्हणून अर्जाचीही खटपट केली. सरकारनं ऐकलं नाही. शेत खोताचं, पलटण बंद, बंदर मेलेलं. राहिली मुंबई.

तो बोटीनं मुंबईला गेला. चाकरमानी झाला. कोकणची बोट धूर सोडत निघायची. डेकवर उतारू, आणि त्यांच्या पायाखाली, बोटीच्या पोटात, आगवाले. फावड्यानं कोळसा ओढायचा, भट्टीचं तोंड उघडायचं, आत फेकायचा, राख ओढायची. वर वारा खाणाऱ्याला खालचा माणूस दिसत नाही. बोटीची ही मांडणी नीट बघितली तर समाजाची मांडणी वेगळी शिकवायची गरज पडत नाही.

मुंबईत उतरलं की सगळीकडं कोळसाच. गोदीत कोळसा, रेल्वेच्या लोको शेडमध्ये कोळसा, गिरणीच्या बॉयलरखाली कोळसा. टाटांची खोपोलीची पाण्याची वीज 1915 साली सुरू झाली, त्याआधी गिरण गावाचा सगळा श्वास धुराड्यातून चालायचा. आणि लालबागला गॅस कंपनी.

गॅस कंपनीबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण गिरणीवर खूप लिहिलं गेलं, हिच्यावर फार थोडं. बाँबे गॅस कंपनी 1860 च्या दशकात उभी राहिली. 1865 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काही रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. दिवे पेटवणारा माणूस एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडं निघाला तेव्हा त्याच्या मागून लोकांचा घोळका चालत होता, अशी नोंद आहे. शहराच्या इतिहासात ही रात्र नेहमी येते. उजेडाची रात्र. पण हा उजेड कुठं शिजत होता?

तर असा. बंद भट्टीत कोळसा भरायचा. आत हवा जाऊ द्यायची नाही. बाहेरून जाळ लावून तो इतका तापवायचा की कोळसा जळत नाही, फुटतो. त्याच्यातून गॅस सुटतो. गॅसबरोबर डांबर येतं, अमोनियाचं पाणी येतं, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा गंधकाचा वायू येतो. गॅस धुवून, चुन्यातून नाहीतर लोखंडाच्या गंजातून गाळून, मोठ्या लोखंडी टाकीत साठवायचा. टाकी पाण्यावर तरंगणाऱ्या उपड्या पातेल्यासारखी. गॅस भरला की वर उठते, संपला की खाली बसते. भट्टीत उरतो तो कोक. लालभडक कोक आकड्यानं बाहेर ओढायचा, त्याच्यावर पाणी मारायचं, वाफेच्या लोटात उभं राहून. मग पुन्हा कोळसा भरायचा. भट्टी थंड होऊ द्यायची नाही, म्हणून दिवस-रात्र पाळ्या. दिवाळी नाही, शिमगा नाही.

या कामानं माणसाचं काय होतं ते विज्ञानानं उशिरा सांगितलं. 1952 साली रिचर्ड डॉल या इंग्रज डॉक्टरनं लंडनच्या एका गॅस कंपनीच्या पेन्शनरांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. फुप्फुसाच्या कॅन्सरनं मेलेले अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाले. पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कोळशापासून गॅस काढण्याचं काम माणसाला कॅन्सर करणारं म्हणून पहिल्याच वर्गात घातलं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. डॉलला हे कळलं कशावरून? पेन्शनच्या वहीवरून. ज्याचं नाव वहीत होतं त्याचं मरण मोजलं गेलं. आपल्याकडं जो मुकादमाच्या हाताखाली रोजावर होता, ज्याचं नाव मस्टरवर आज आहे उद्या नाही, तो खोकत खोकत बोटीनं परत वेंगुर्ल्याला आला आणि मेला तर ते मरण कुठल्या वहीत? गावानं म्हटलं, मुंबईचं पाणी बाधलं. कुणी म्हटलं, देवाचा कोप. भट्टीचं नाव कुणीच घेतलं नाही.

आता एक सावधगिरी. कोळशाच्या कामात सगळे आपलेच होते असा दावा करू नका. कोळसा मराठ्याला, भंडाऱ्याला, मुसलमानाला, उत्तरेकडून आलेल्या मजुराला, सगळ्यांनाच काळं करायचा. पण म्हणून कारखान्याच्या फाटकात जात गळून पडायची असं जे पुस्तकी कॉम्रेड सांगायचे, तेही खोटं. गिरणीत साचा खात्यात जास्त पगार. तिथं अस्पृश्याला बंदी. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढायला लागतं, आणि महाराच्या तोंडाचं सूत स्पृश्याच्या तोंडाला कसं चालेल! यंत्र मँचेस्टरचं, विटाळ मात्र अस्सल देशी. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला, की आमच्या माणसाला साचा खातं उघडणार का बोला. तेव्हा कुठं नाइलाजानं ती गोष्ट मागण्यांत धरली गेली.

रेल्वेचंही तेच. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे बाबासाहेबांनी तिथंच सांगितलं. आपण सगळे हे वाक्य भाषणात ठोकून देतो. पण त्या भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामांची जी चिरफाड केली ती वाचत नाही. आमचा माणूस गँगमनच का राहतो? त्याला पोर्टरसुद्धा का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि अस्पृश्य घरात कसा घ्यायचा? बघा, बाबासाहेबांनी हवेत सिद्धान्त मांडला नाही. कुठलं खातं, कुठली जागा, किती पगार, कोण आत, कोण बाहेर, आणि का? एवढं विचारलं. इतिहास लिहायची हीच पद्धत. कोळशाबद्दलही हेच विचारायचं. फावडं कुणाच्या हातात, पाण्याचा माठ कुणाला वेगळा, जॉबर कोण, कुणाचा मुलगा फिटर झाला आणि कुणाचा मुलगा बापाच्याच जागी बदली लागला.

आता त्या जागा बघा. लालबागला आज ती भट्टी नाही, कोकचे ढीग नाहीत. राहिलीय ती गॅस कंपनी लेन. गल्लीचं नाव. नुसतं नाव. गिरण्यांचंही तसंच. 1982 च्या संपानंतर एक एक करत गिरण्या मेल्या, धुराडी पडली, त्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले.

असं पाडताना दोन तऱ्हेची माणसं जमतात. एक बिल्डर. त्याला तिथं इतिहास नकोच असतो, मोकळी जमीन पाहिजे असते. दुसरा वारसावाला. तो विटांचा रंग, कमानी, धुराड्याची उंची यांचे फोटो काढतो आणि हळहळतो. दोघांच्या हिशेबात मजूर नाही. वारसावाल्याच्या हळहळीत आपण आपला गळा मिसळायचा नाही. ज्या भट्टीनं आपल्या बापाचं फुप्फुस खाल्लं ती सुंदर होती म्हणून रडायचं का? पण बिल्डरसारखं ‘गेली ती पीडा’ म्हणून हात झटकायचे हेही नाही. कारण भट्टी पाडताना पुरावाही पाडला जातो. आपल्याला रडायचं नाही, पुरावा सांभाळायचाय.

आणि मुंबईचंच कशाला? वेंगुर्ले तालुक्यातलं रेडी घ्या. लोखंडाच्या खाणी. त्या खाणीत 1976 च्या एप्रिलात एका ट्रक ड्रायव्हरला दृष्टान्त झाला म्हणतात, उकरलं तर गणपतीची मूर्ती निघाली. आज तिथं देऊळ आहे, लांबलांबून लोक येतात. श्रद्धा ज्याची त्याला. आपला मुद्दा वेगळा. त्याच मातीतून ज्यांनी डोक्यावर, टोपलीत, ट्रकात खनिज वाहून काढलं, त्या माणसांच्या नावाचा एक दगड तिथं दाखवा. खाणीतून देव सापडतो, मजूर सापडत नाही. कारण देव शोधायला लोक तयार आहेत. मजूर शोधायला कोण जाणार? ते काम आपलं.

कुणी म्हणेल, आता हे उकरून काय उपयोग? मुदत संपली. त्याला दोन दाखले द्या.

पहिला याच गॅस कंपनीचा. आधीच्या एका औद्योगिक निवाड्यानं काही खात्यांतल्या कामगारांना पगारी साप्ताहिक सुट्टी मिळाली होती. तिचे पैसे मिळाले नाहीत म्हणून कामगार कित्येक वर्षांनी लेबर कोर्टात गेले. कंपनीचं म्हणणं, एवढ्या उशिरा कसला दावा? प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1963 साली निकाल लागला, कामगारांच्या बाजूनं. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सांगितलं, औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33-सी (2) खाली थकलेल्या पैशाचा दावा करायला कायदेमंडळानं मुदत घातलेली नाही, तर कोर्टानं ती स्वतःहून घालू नये. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल कितीतरी वर्षं दाखला म्हणून वापरला गेला. त्याच्या मथळ्यावर एका कामगाराचं नाव आहे. नाव आणि बापाचं नाव, एवढंच. आडनाव नाही, गाव नाही, जात नाही. लालबागची भट्टी गेली, पण दाव्याला गेलेला माणूस कागदावर शिल्लक राहिला. साहेबानं आठवण ठेवली म्हणून तो राहिला नाही. त्यानं हक्क मागितला म्हणून राहिला.

दुसरा दाखला वेल्सचा. इंग्लंडच्या पश्चिमेला हा कोळशाचा मुलुख. तिथं ॲबरकुंबॉय गावाजवळ 1942 साली एक कारखाना सुरू झाला. फर्नासाइट नावाचं, धूर न करणारं जळण करायचं त्याचं काम. कोळशाची भुकटी डांबरात कालवायची, दाबून विटा पाडायच्या आणि भाजायच्या. घरात जाळणाऱ्याला धूर नको म्हणून सगळा धूर आधीच त्या खोऱ्यात सोडून द्यायचा! शहराची चूल स्वच्छ, मजुराचं गाव काळं. 1990 साली कारखाना बंद पडला, मग पाडला. जमीन साफ केली. पण कामगार बसले नाहीत. कॅन्सर झालेले, दम लागलेले, आणि मेलेल्यांच्या घरचे लोक कोर्टात गेले. कारखाना तर उभा नव्हता. मग धूळ किती होती, धूर किती होता, मास्क दिला होता का, हे सांगणार कोण? त्यांनीच सांगितलं. म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी साक्ष म्हणून नोंदल्या गेल्या. 2012 साली तिथल्या उच्च न्यायालयानं काही दावे मान्य केले. सगळे नाही, काही. पण पाडलेल्या कारखान्याविरुद्ध माणसाची आठवण कोर्टात उभी राहिली, हे झालं.

जर्मनीत एसेन शहरी झोलव्हराईन नावाची प्रचंड कोळशाची खाण होती. 1986 साली बंद झाली. तिथं कोळसा धुवायचा कारखाना पाडला नाही. 2001 साली ती जागा जागतिक वारसा झाली, आणि 2010 पासून त्याच धुलाई कारखान्यात त्या मुलखाचं म्युझियम आहे. म्हंजे कोळशाचा कारखाना स्मारक होऊ शकत नाही असं काही नाही. फक्त ते कोण मागतं आणि कुणाची ताकद किती, एवढाच प्रश्न.

आपल्याला बाबासाहेबांचा कायदेपंडित फोटो माहीत आहे. निळा कोट, हातात राज्यघटना. आणखी एक चित्र डोळ्यासमोर आणा. 1943 चा डिसेंबर. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री डॉ. आंबेडकर धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात गेले, खाणीत खाली उतरले, मजुरांची घरं बघितली. पुढच्याच महिन्यात, 1944 च्या जानेवारीत, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा मजुराच्या घर, पाणी, दवाखान्यासाठी वापरायचा. त्याच काळात युद्धाच्या नावाखाली सरकारनं बायकांना पुन्हा जमिनीखाली कामाला लावायची परवानगी दिली होती. त्यावर केंद्रीय विधिमंडळात सरकारवर टीका झाली आणि खात्याचे मंत्री म्हणून बाबासाहेबांनाच ती तात्पुरती तजवीज म्हणून मांडावी लागली. 1946 साली बंदी परत आली. हेही आपल्या इतिहासात लिहायचं. आपल्या माणसाचा इतिहास भजनासारखा गायचा नसतो, हिशेबासारखा मांडायचा असतो. तो उजेडातच उभा राहतो, त्याला झाकायची गरज नाही.

तर मित्रहो, काम काय करायचं?

वेंगुर्ले, शिरोडे, रेडी, आरवली, जिथं जिथं आपली वस्ती आहे तिथं जुनी पत्र्याची ट्रंक असते. ती उघडा. पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ई.एस.आय.चं कार्ड, युनियनची पावती, दवाखान्याचा केस पेपर, बोटीच्या कंपनीचा पास, काही सापडलं तर फेकू नका. नक्कल करा. मनिऑर्डरचं कुपनसुद्धा सोडू नका, किती पैसे कधी आले ते त्याच्यावर आहे.

म्हाताऱ्यांना विचारा. पण ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ असलं गुळमुळीत विचारू नका. खातं कुठलं? पाळी किती तासांची? रोज किती? मुकादमाला किती चारायला लागायचं? पाणी कुठं प्यायचा? जेवायला कुणाबरोबर बसायचा? जात लपवली होती का? भाजलं तर औषध कोण द्यायचं? काम कधी सुटलं, आणि हातात काय ठेवलं?

आणि बायांना विचारा, पहिल्यांदा विचारा. कारखान्याच्या मस्टरवर त्यांचं नाव नसेल. पण काळी कपडे दगडावर आपटून कुणी धुतली? रुळाच्या कडेनं, राखेच्या ढिगावर अर्धे जळलेले कोळसे कुणी वेचले? कोळशाची भुकटी शेणमातीत कालवून गोळे कुणी थापले? खोकणाऱ्या नवऱ्याला गरम पाणी देत रात्र कुणी काढली? कारखाना फाटकाच्या आत संपत नव्हता. त्याची एक पाळी आपल्या घरात चालायची, बिनपगारी.

हे सगळं लिहा. नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. घरच्यांनी नको म्हटलं तर नाव झाका, पण काम झाकू नका. स्टेन्सिल कापा, चक्रमुद्रित करा, दहा प्रती का होईनात, काढा. छापखान्याची वाट बघू नका.

डचांच्या वखारीला सरकारची पाटी आहे. आपल्या वखारीला सरकार पाटी लावील तेव्हा लावील. तोवर आपला कागद हीच पाटी. थकलेल्या घामाच्या दाव्याला मुदत नसते, पण सांगणाऱ्या तोंडाला असते. ती तोंडं अजून आहेत तोवर वही घेऊन जा.

जय भीम.